चिचटोल्याचा होकार

टूं.

दुपारच्या सामसूम घरात आवाज झाला तो एवढाच. डिंपल आईच्या मांडीवर डोकं ठेवून नुकतीच पेंगायला लागली होती, ती टक्क जागी झाली.

"आई, काय वाजलं?"

संघप्रियाने कोनाड्याकडे पाहिलं. क्रोशाच्या पांढऱ्या रुमालाखाली फोन होता. सहा महिन्यांपूर्वी तिनेच चंद्रपूरहून आणून बसवून दिलेला. दिसायला तारेच्या फोनसारखाच, फक्त तार नव्हती, पाठीशी बोटाएवढी काळी दांडी होती. पुन्हा टूं झालं. संघप्रिया उठायच्या आत तिची आई मनकर्णाबाई चुलीपाशी बसली होती ती ओल्या हातांनीच लगबगीने आली, तिने रुमालाखाली हात घालून कुठलंसं बटण दाबलं आणि रुमाल पुन्हा सारखा केला.

"काही नाई वो. चार्जिंग उतरली असन. सकाळपासून लाइन कुठी हाय?"

"पण नुसता ठेवलेला असला तर दोन दिवस उतरत नाही त्याची चार्जिंग."

"हो ना. मस्त टिकते," असं म्हणून मनकर्णाबाई चुलीकडे वळल्या. पाठमोरं बोलणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

संघप्रियाने पुढे विचारलं नाही. विचारायचं नाही, हे तिने बसमधून उतरतानाच ठरवलं होतं. पिशवीत एकेचाळीस फॉर्म होते आणि संध्याकाळपर्यंत त्यांवर सह्या-अंगठे घ्यायचे होते.

गोष्ट अशी होती. मागच्या पावसाळ्यात कंपनीचा साहेब नागपूरहून चंद्रपूरला आला आणि कामावर घेतलेल्या सात बायकांना समोर बसवून म्हणाला, "खांब नको, तार नको. तालुक्याच्या टॉवरवरून थेट घरात फोन. आता मला एवढंच सांगा, खेड्यातला माणूस घरात फोन ठेवील का? याला मार्केट आहे का?" प्रत्येकीने गावं वाटून घ्यायची, घरोघर विचारायचं, हो की नाही ते लिहायचं. कोणी नागभीडकडचं गाव घेतलं, कोणी वरोऱ्याकडचं. संघप्रियाने आपलं माहेर, चिचटोला, घेतलं.

बाकीच्या बायकांच्या कागदांवर निम्मे-अधिक 'नाही' होते. एकीवर तर कुत्रं सोडलं होतं. संघप्रियाच्या कागदावर एकेचाळीस घरांचे एकेचाळीस हो. साहेबाने कागद दोनदा उलटून पाहिला. "एकसुद्धा 'नाही' नाही? याला म्हणतात काम!"

त्या 'हो'ची जात कुठली, हे तिच्याशिवाय त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हतं. चिचटोल्यात लेकीला नाही म्हणत नाहीत. जातपात, वाडा-मोहल्ला काही असो, गावची लेक दारात आली आणि तिने काही मागितलं तर तिला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. लाखोळीची डाळ मागा, सुकी मासळी मागा, वेलावरचा भोपळा मागा. ती फोनचं विचारत होती आणि लोक तिला भोपळा देत होते. इस्तारीकाकाने तर प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नव्हता. "हो लिहून टाक ना बाई. किती दिवसानं आली तू! पहिले पाणी पे."

आणि तिने लिहून टाकलं होतं. एकेचाळीस वेळा. माहेर निवडलं तेच मुळी त्यासाठी. हे तिने नवऱ्यालाही, प्रफुललाही, कधी सांगितलं नव्हतं.

त्या कागदाच्या भरवशावर कंपनीने चिचटोल्यात एकेचाळीस फोन बसवले. आता सहा महिन्यांनी दुसरा फॉर्म आला होता. त्यात प्रश्न एकच महत्त्वाचा: फोन घरात व्यवस्थित चालतो का? चिचटोल्याचा हो आला की आसपासच्या चाळीस गावांत फोन जाणार आणि संघप्रियाची नोकरी कायम होणार. प्रफुल वरोऱ्याच्या शाळेत कंत्राटी मास्तर, दर उन्हाळ्यात त्याची नोकरी तुटायची आणि पावसाळ्यात जुळायची. घरात एकाची तरी कायम हवी होती.

डिंपलला आजीपाशी सोडून ती निघाली. पहिलं घर इस्तारीकाकाचं. तो अंगणात पाय पसरून तलावाचं जाळं सांधत बसला होता.

"काका, फोन कसा आहे?"

"राजा हाय तो! आम्ही जमिनीवर, तो पाटावर."

"आवाज नीट येतो?"

"येते म्हंजे! तिकडच्याले मासोळीचा वास बी जात असन." तो स्वतःच हसला आणि आत ओरडला, "अगे, लेक आली. चहा मांड."

"एकदा लावून दाखवता का?"

इस्तारीकाकाचा हात जाळ्यावर थांबला. "आता? आता कोणाले लावतं बाई, सारे कामात असतीन. आण तो कागद. कुठी अंगठा मारू?"

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरीही. फोन कसा? झकास. दाखवा? चहा घे. कोणाकडे फोनला मोत्यांची झालर, कोणाकडे टोपलीखाली झाकलेला, जणू कोंबडीचं पिल्लू. सहीला मात्र कोणी अळंटळं केलं नाही.

गिरजाकाकूच्या घरी पेटीवर फोन होता. प्लास्टिक तसंच, वर हळदीकुंकवाचं बोट. गिरजाकाकू एकटी बाई. नवरा गेल्यावर मासोळ्या विकून मुलगा वाढवला, तो निकेश आता आंध्रात मिरची तोडायला गेला होता. हिवाळा संपता संपता गावातली निम्मी पोरं तिकडेच असत. गिरजाकाकू पाणी आणायला आत गेली तेव्हा संघप्रियाने रिसीव्हर उचलला आणि कानाला लावला. काही नाही. फोनच्या छोट्या काचेत रेंजच्या काड्या दिसायला हव्यात, तिथे एकही काडी नव्हती.

तिने रिसीव्हर खाली ठेवला. गिरजाकाकू तांब्या घेऊन आली.

"काकू," संघप्रिया म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच परका वाटला, "चालतो ना फोन?"

"चालते ना माय. निकेशसंग रोज बोलतो मी. पोरगा म्हणते, आई, तू त बाजूलेच बसल्यावानी वाटते."

संघप्रियाने फॉर्म पुढे केला. गिरजाकाकूने शाई लागलेलं बोट पदराला न पुसता केसांना पुसलं. पदर धुतलेला होता, लेक घरात आली होती.

दिवस कलता कलता चाळीस फॉर्म झाले. एक राहिला, बाबांचा. घरी आली तर घर उघडं, माणूस कोणी नाही. कोनाड्यातला रुमाल घडी करून ठेवलेला आणि फोन गायब.

शेजारच्या पोरीने सांगितलं, "मनकर्णाआजी तलावाच्या पाळीवर गेली. डिंपलबी गेली."

पाळीवर, तलावाच्या उंच बांधावर, चढताना आधी तिला आवाज ऐकू आले.

"अगे सरक जराशी! तुया डब्ब्यानं मायी रेंज खाल्ली."

"तुयी रेंज तुया सासरी गेली. बस खाली."

मोहाच्या झाडाजवळ, जिथे पाळ सगळ्यात उंच होते, तिथे अर्धं गाव बसलं होतं. कोणाच्या मांडीवर फोन, कोणाच्या काखेत, कोणी पोतडीत बांधून आणलेला. घरचे फोन. घरात ठेवायचे म्हणून विकलेले. इस्तारीकाका पाण्याच्या कडेच्या दगडावर उभा राहून एक हात आभाळाकडे करून बोलत होता. मनकर्णाबाई फोन मांडीवर घेऊन नंबर लागायची वाट पाहत होत्या आणि डिंपल त्यांना काचेतल्या काड्या मोजून सांगत होती, "आजी, दोन! आजी, तीन!"

आणि सगळ्यांच्या अलीकडे, तिच्याकडे पाठ करून, गिरजाकाकू.

"हो रे बाप्पा, घरीच हाव. चुलीपाशी. टिटवी? कुठची टिटवी रे? कोंबड्या हाय आपल्या. तू जेवला का नाई ते सांग."

डोक्यावरून टिटवी ओरडत गेली. चंद्रपूरच्या भाड्याच्या खोलीत रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा तेव्हा ती टिटवी संघप्रियानेही ऐकली होती. तिला वाटायचं, आईने मागचं दार उघडं ठेवलं असेल. दुपारी आपण लावला की तो लागत नाही आणि संध्याकाळी आईचाच येतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. तिने ते ध्यानाच्या कडेला सारून ठेवलं होतं.

कोणीतरी मागे वळून पाहिलं. बोलणं एकदम थांबलं. फोन झाकले जाऊ लागले, टॉवेलाखाली, पदराखाली, पाठीमागे. गिरजाकाकूने मुलाला "ठेवतो रे" एवढं म्हणून फोन पोटाशी धरला आणि त्यावर पदर ओढला. चोरी पकडली जावी तसे सगळे उभे होते. लाज त्यांना वाटत होती. तिच्यासमोर.

इस्तारीकाका दगडावरून उतरला. "हवा खाले आलो होतो बाई. फोनलेबी जराशी हवा लागते ना." कोणी हसलं नाही.

"काका, घरात चालत नाही?"

"चालन ना. आज ना उद्या चालन."

"मग मले सांगितलं काऊन नाई कोणी?" शहरात घासून गुळगुळीत केलेली तिची भाषा कुठच्या कुठे गेली.

गिरजाकाकू जवळ आली. तिच्या हाताला मासळीचा आणि फोनच्या नव्या प्लास्टिकचा, दोन्ही वास येत होते. "काय सांगाचं वो? लोकं म्हणले असते, देवराव मास्तरच्या पोरीनं आपल्याच गावाले खोटा माल देल्ला. तुयं नाव खराब झालं असतं. पाळ काही लांब नाई. मी सकाळसंध्याकाळ येतोच इकडे."

"साहेबाले नको सांगजो," मागून कोणी बाई म्हणाली. "तुयी नोकरी जाईन."

संघप्रिया डिंपलचा हात धरून पाळ उतरली. उतरताना मागे पुन्हा हळूहळू नंबर लावल्याचे आवाज सुरू झाले, आता दबकत. गावाने तिचा खोटेपणा सहा महिने पाटावर बसवून, रुमालाखाली झाकून, धूळ पुसून जपला होता.

सकाळच्या बसने परतायचं होतं. तिचे वडील देवराव अंघोळ करून, पांढरा सदरा घालून विहाराकडे निघाले होते. ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. विहारात मुलांना वंदना आणि पंचशील म्हणायला शिकवायचे म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणायचं. गावातल्या दोन पिढ्यांनी चौथं शील, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे त्यांच्याच मागून म्हटलं होतं. संघप्रियाने, काल रात्री डिंपलनेही.

"माया कागद राह्यला ना? आण."

"बाबा, तुम्ही नका करू सही."

"काऊन?"

"तुम्ही तरी खरं लिहा. नाई म्हणून लिहा. मी नेऊन देतो."

देवरावांनी चष्मा लावला. फॉर्म पुरता वाचला, तळाशी बारीक अक्षरात होतं तेही. मग फोन घरात व्यवस्थित चालतो का, याच्यापुढे ठसठशीत लिहिलं, होय. खाली सही केली, तारीख घातली.

"चाळीस लोकांनी हो म्हटलं," ते म्हणाले. "बापानं एकट्यानं नाई म्हणावं का? लोकं खोटे पडतीन."

कागद लाकडी चौकीवर ठेवून ते चपला घालून गेले. शाई अजून ओली होती. तो फाडता आला असता. एकेचाळीसही फाडता आले असते, बसच्या खिडकीतून जंगलात सोडून देता आले असते. संघप्रियाने शाई वाळू दिली, मग कागदाची घडी करायला हात पुढे केला.

पण डिंपल आधीच चौकीवर वाकली होती. दुसरीत होती, नुकतं वाचायला यायला लागलं होतं, त्यामुळे बसवरच्या पाट्या, साबणाची वेष्टणं, काहीच सुटायचं नाही.

"फोन... घरात... व्य-व-स्थित... चालतो का... होय." तिने सहीवर बोट ठेवलं. "हे आबाजींचं नाव आहे. पण आई, फोन तर तलावावर चालतो."

"हो."

"मग हे खोटं आहे ना?"

संघप्रियाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. बाहेर बसचा हॉर्न वाजला. डिंपल हलली नाही. तिचं बोट तिथेच होतं, 'होय'वर.

"आई, हे खोटं कोणाचं आहे? आबाजींचं का तुझं?"