साहेब नळ

"साहेब, या ग्लासातलं पाणी तुम्ही प्याल का?"

एवढाच प्रश्न. यात शिवी नाही, आरोप नाही, भूमितीचं प्रमेयही नाही. पण तो भर सभेत विचारायची माझी छाती नाही असं माझ्या मैत्रिणींना वाटत होतं.

"तू नाई विचारू शकत," मयुरी म्हणाली.

"विचारते."

"माइकवर?"

"माइकवर."

"साहेबाले?"

"साहेबाले नाई तं का बकरीले विचारू?"

पैज समोशांची लागली. लावली पुनमनं, आणि गंमत अशी की ती जिंकली असती तरी तिला समोसा खाता येणार नव्हता. पावसाळ्यात तिला कावीळ झाली, त्यात सहामाही परीक्षा बुडली, आणि अजूनही तिच्या ताटात बिनतेलाचं वरण आणि मऊ भात. "मी जिंकली तं नुसता वास घेईन," ती म्हणाली. डोळे पिवळसर होते तिचे, पण जीभ एकदम ठणठणीत.

मी साक्षी. दहावीत आहे. धानोऱ्याला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा झाली, तिच्यात माझा पहिला नंबर आला, ढाल मिळाली आणि तेव्हापासून माइक दिसला की माझे हात शिवशिवतात. त्याआधी मी हजेरीला 'हजर' म्हणायची तेसुद्धा बाकाला ऐकू जाईल इतकंच. आता आई म्हणते, या पोट्टीले बंद करायचं बटन कुठी आहे ते मले कोणीतरी दाखवा.

तर बटन सापडायच्या आत आमच्या हेडसरांनी मला एका मोठ्या समारंभात आभार मानायचं काम दिलं. आमच्या गावाला चंदेरी कार्ड मिळणार होतं. ज्या गावाचं पिण्याचं पाणी सलग पाच वर्षं चांगलं निघतं आणि पाण्यामुळे गावात साथ येत नाही, त्या गावाला हे कार्ड मिळतं. आमच्या गावात पाण्यानं कोणी आजारी पडतच नाही. रानातल्या सात्या, म्हणजे आळिंबी, जास्त खाल्ल्या म्हणून पडतं, बाजारातली भेळ खाल्ली म्हणून पडतं, नजर लागली म्हणून पडतं. पुनमची कावीळ ग्रामपंचायतीच्या म्हणण्याप्रमाणे मामाच्या गावाहून आली. पुनमला मामाच नाही.

आमचं गाव डोंगराच्या कुशीत आहे. नाल्याकाठच्या विहिरीतून पाणी वर टेकडीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून नळांना उतरतं. मधे टाकीत ब्लीचिंग पावडर पडायला पाहिजे. ती टाकायचं काम माझ्या बाबांचं. त्यांचं नाव सोमाजी, पण गाव त्यांना पाणीवाला म्हणतं. काम पंचायतीचं, हातात मानधन, आणि मानधनापेक्षा मोठी आशा. आमचे सरपंच भैयाजी दरवर्षी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "सोमाजी, चंदेरी कार्ड येऊ दे एकदा. मंग तुले पक्का करतोच."

बाबा आधी रोज पावडर टाकायचे. तेव्हा गावानं त्यांना रस्त्यानं चालू दिलं नाही. ठमाबाईची बसस्टॉपवर चहाची टपरी आहे. ती टपरीतूनच ओरडायची, "सोमाजी, माह्या चहाले दवाखान्याचा वास येते रे बाप्पा! गिऱ्हाईक विचारते, बाई, चहा देऊन राह्यली का सुई टोचून राह्यली?" भैयाजींच्या आईला देवाच्या तांब्यात वास नको होता. कोणाची तुरीची डाळ शिजेना, कोणाचे केस गळायला लागले. एका पोराचं जमलेलं लग्न मोडलं, तेही म्हणे पावडरीनं. शेवटी भैयाजींनी बाबांना बोलावून निकाल दिला, "रोज रोज कायले टाकतं? साहेब येतीन तवा टाक."

तेव्हापासून जिल्ह्याचे साहेब येणार हे आमच्या गावाला नळ उघडला की कळतं. सकाळी पाण्याला वास आला की हेडसर दाढी करून येतात, अंगणवाडीत खिचडीत वाटाणे दिसतात आणि पंचायतीसमोरची कुत्री हाकलली जातात.

साहेब येतात आणि पाण्याचा नमुना घेतात. तो कुठल्या नळाचा घेतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पंचायतीसमोरच्या. तो टाकीच्या सगळ्यात जवळ. त्याला आम्ही साहेब नळ म्हणतो. त्याच्याखाली पांढऱ्या टाइल्स आहेत, वर पत्र्याचं छत आहे, पंधरा ऑगस्टला त्याला हारसुद्धा घालतात. नाल्याकडच्या गल्लीत फुटलेला पाइप बदलायचा होता, त्याच्याऐवजी या टाइल्स आल्या. तो पाइप तसाच सांडपाण्याच्या नालीतून गेला आहे, आणि त्याच्या शेवटच्या टोकाला पुनमच्या घरचा नळ आहे. तिथल्या पाण्याला रोज वास येतो. पावडरीचा नाही.

आणि आमच्या घरी? आमच्या घरी पाणी उकळतं. पुनमला कावीळ झाली त्या आठवड्यात आईनं चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवला तो उतरलाच नाही. बाबा बघतात आणि दुसरीकडे बघतात. शेजारणीनं विचारलं की आई सांगते, "अंघोळीले ठेवलं न वं." आमच्याएवढं अंघोळ करणारं घर अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

समारंभाच्या दिवशी शाळेच्या मैदानावर मंडप होता. बाबांनी आदल्या संध्याकाळी पावडर टाकली होती, आणि मोठा कार्यक्रम म्हणून जरा हात सैल सोडून टाकली होती. साहेब नळाजवळून जाताना डोळ्यांत पाणी येत होतं. पोरांसाठी त्याच नळाचा ड्रम भरून ठेवला होता. मंचावर मात्र प्रत्येक पाहुण्यासमोर सीलबंद बाटली. भैयाजींनी खास धानोऱ्याहून खोकं मागवलं होतं. नळाच्या पाण्याचा सत्कार आणि मंचावर एकही थेंब नळाचा नाही.

साहेब बोलायला उभे राहिले. "बंधूंनो आणि भगिनींनो, या गावाचं पाणी म्हणजे अमृत आहे," ते म्हणाले आणि बाटली उघडून दोन घोट प्याले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंडपात हे फक्त मला, मयुरीला आणि पुनमलाच दिसलं की काय, असं मला वाटलं.

मग ग्रामसेवक अजयभाऊंनी माझं नाव पुकारलं. आभाराच्या वेळी माणसं चपला शोधत असतात. उठायला लागलेल्या लोकांना परत खाली बसवण्यात मला भलतंच समाधान वाटलं. मी माइकसमोर गेले ती हातात काचेचा ग्लास घेऊन. पुनमनं सकाळीच घरच्या नळाचा भरून आणला होता, आणि इतका वेळ वहीनं झाकून मांडीवर सांभाळला होता.

"आभार मानण्याआधी एक नम्र प्रश्न," मी म्हटलं. माझा आवाज मलाच आवडला. "साहेब, या ग्लासातलं पाणी तुम्ही प्याल का? नाल्याकडच्या गल्लीतल्या नळाचं आहे. आमच्या गावचं अमृत."

चपला शोधणारे थांबले. भैयाजींचं हसू होतं तिथेच वाळलं.

साहेब मात्र तयारीचे. त्यांनी ग्लास घेतला, उजेडात धरला, "वा! आरशासारखं!" म्हणाले आणि शेजारी सरकवला. "पण पहिला मान गावच्या सरपंचांचा."

"मले साखर आहे न साहेब," भैयाजी म्हणाले.

"पाण्यात साखर नाई टाकली, भैयाजी!" मागून मयुरी ओरडली. मंडप हसला. भैयाजींनी ग्लास अजयभाऊंकडे दिला.

"माहा गुरुवार आहे," अजयभाऊ म्हणाले.

"गुरुवारी पाणी चालते रे लेका! मीबी गुरुवार करते," ठमाबाईनं पहिल्या रांगेतून बजावलं.

"माहा कडक आहे, बाई."

असा तो ग्लास मंचावर फिरत राहिला. एकाचा घसा बसला होता, एकाचं आत्ताच पिऊन झालं होतं, एकाला फोन आला. मी माइक धरून उभी होते आणि मला इतकी मजा येत होती की काय सांगू. तालुक्याच्या ढालीपेक्षा जास्त. पुनम तोंडावर ओढणी दाबून हसत होती.

तेवढ्यात भैयाजींना सुचलं. "अरे, खरा मान त्याचा हाये!" ते उभे राहिले. "पाच वर्षं ज्यानं गावाले पाणी पाजलं, तो का मंचाखाली उभा राह्यते? सोमाजी! ये, ये वरतं!"

हे मी धरलंच नव्हतं.

बाबा मागे ड्रमजवळ उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. ते लोकांमधून वाट काढत आले. मंचावर चढले. भैयाजींनी ग्लास त्यांच्या हातात दिला. बाबांनी ग्लासाकडे बघितलं. पाणी कुठल्या नळाचं ते मी माइकवरून सांगितलंच होतं. तो पाइप कुठे फुटला आहे, नालीतलं काय काय त्याच्यात जातं, हे त्या मंचावर त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"बाबा, नका," मी म्हटलं.

मी हळूच म्हटलं होतं. पण माइक माझ्या तोंडासमोर होता. ते दोन शब्द दोन्ही भोंग्यांमधून बाहेर पडले, शाळेच्या भिंतीला आपटले आणि परत आले. सगळ्या गावानं ऐकले.

बाबांनी ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा केला. मिशी पुसली.

"गोड आहे," ते म्हणाले.

काय टाळ्या पडल्या! साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. लगेच सगळ्यांचा कार्ड धरून फोटो निघाला. आभार राहूनच गेले. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मयुरीनं समोसे आणले. मी पैज जिंकले होते. माझा समोसा माझ्या हातात थंड झाला. पुनम माझ्याशेजारी बसली होती.

"मले वाटलं, त्यायची फजिती होईन," ती म्हणाली. "तुह्या बाबाच्या पोटात जाईन असं नाई वाटलं वं."

"मलेबी."

संध्याकाळी घरी गेले तर आई चुलीपुढे, आणि माझ्याकडे पाठ. तिचं नाव सत्यशीला, आणि राग आला की ती नावाप्रमाणेच स्पष्ट बोलते. "झालं समाधान? भर सभेत बापाले नाली पाजली. आता धानोऱ्याहून आणखीन एक ढाल येईन."

"जाऊ दे न, साक्षीची माय," बाबा म्हणाले.

"आन तुमी! पेलेच काऊन? हातातून सोडता नाई आला ग्लास? काच होती, फुटली असती."

बाबा खाटेवर बसले होते. "नाई पेलो असतो तं काय सांगतलं असतं? का पाणी खराब आहे? पाच वर्षं मीच तं सांगून राह्यलो का चांगलं आहे म्हून." मग, मला वाटतं जरा खूश होऊन, ते म्हणाले, "भैयाजी म्हणे, येत्या मीटिंगमध्ये माह्या पक्कं व्हायचा विषय घेतो."

आईनं उकळलेल्या पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे आदळला. वरून चांगलं पाणी ओतलं की आतलं वाईट धुऊन निघतं, अशा हिशेबानं बाबा तो पूर्ण प्याले. मला हसू आलं नाही. कार्यक्रमभर मी ज्यांना हसले त्या सगळ्यांनी ग्लास पुढे सरकवला होता. एकट्या बाबांनी तो सरकवला नाही, आणि तरी सगळ्यात मोठं खोटं तेच बोलले होते. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावतात हे कुठल्या भाषणात सांगायचं, मला कळेना.

आमच्या भिंतीवर महाडच्या चवदार तळ्याचं चित्र आहे. बाबासाहेब ओंजळीत पाणी घेऊन उभे आहेत, मागे माणसंच माणसं. दर वीस मार्चला बाबा खुर्चीवर चढून त्याला हार घालतात आणि मला तीच गोष्ट पुन्हा सांगतात. गोष्ट मला पाठ आहे, स्पर्धेतही मी तीच सांगितली होती. त्या दिवशी मी चित्राकडे नीट बघितलं. त्यात कोणाच्याच हातात सीलबंद बाटली नव्हती. आणि कोणी अंघोळीच्या नावाखाली पाणी उकळत नव्हतं.

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. हात मागे बांधले. सवयीनं तोंडातून निघालं, "आदरणीय आईबाबा."

"सुरू झाली," आई म्हणाली.

"मी ठरवलं आहे," मी म्हटलं. "उद्यापासून या गंजातलं पाणी मी पेणार नाई. शाळेत जाताना पुनमच्या नळावर थांबीन आन तिथलं पेईन. ओंजळीनं. रोज. बाबा, तुमी टाकीत रोज पावडर टाकेपर्यंत, आन तो पाइप फुटला आहे हे भैयाजीले तोंडावर सांगेपर्यंत. ठमाबाई ओरडली तं तिच्या टपरीवर मी जाऊन बोलते, मले आता बोलता येते. आन मले कावीळ झाली तं मामाच्या गावाहून आली असं कोणाले सांगू नका. माहा मामा आपल्या घरामागंच राह्यते."