नळीतला उरलेला गॅस

इंजिनकाकांनी हातमोजे चढवले, दुकानामागच्या अंगणातल्या जाळीच्या कपाटातून गॅसचा सिलिंडर काढला आणि सुनेच्या माहेरून आलेली काचेची बरणी धरावी तसा दोन्ही हातांनी जपून आत आणला. गॅसच्या इंजिनावर चालणाऱ्या, फरशी चमकवायच्या मशीनवर तो बसवला, पट्टा आवळला, नळीचं टोक हातानंच पिळून घट्ट केलं. मग झडप उघडली. हळू, अगदी हळू. घाई केली की आतली सुरक्षेची कळ रुसते आणि गॅस अडवून धरते. दुकानाचे पुढचे-मागचे दरवाजे सताड उघडे होते. आता एकच काम उरलं होतं, खाली वाकून वास घ्यायचं.

काका वाकले. नाकपुड्या फुगवल्या. समाधानानं मान डोलावली. अभिनय चोख होता. फक्त वास घेता येत नव्हता. हिवाळ्यातल्या तापानं त्यांचं नाक कायमचं बंद करून टाकलं होतं. गळणारा गॅस कळावा म्हणून त्यात सडक्या कोबीसारखा वास मुद्दाम घातलेला असतो. पण घालणाऱ्यानं समोरच्याला चालतं नाक आहे हे गृहीत धरलेलं असतं.

ही गोष्ट काकांनी कुणालाच सांगितली नव्हती. कळली असती तर मशीन गेलं असतं आणि हातात फडकं आलं असतं. दुकानातल्या फडक्यांचा आणि काचांचा सगळा कारभार विहीणबाईंकडे. त्यांची लेक काकांच्या घरी दिलेली. लग्नात मुलाकडचे म्हणून काका एक पायरी वर उभे होते, आणि लग्नाचा मांडव उतरला तरी हे काही त्या पायरीवरून उतरले नव्हते. आता या वयात बादली घेऊन विहिणीच्या हाताखाली?

म्हणून खिशात एक डबी असायची, साबणाच्या पाण्याची, आणि दात घासायचा जुना ब्रश. नळीच्या सांध्यावर फेस फासायचा, बुडबुडा फुगला नाही की इंजिन चालू करायची किल्ली फिरवायची. पण साबण फक्त सांध्याचं सांगतो. गॅस जड, दुसरीकडून कुठून झिरपला तर फरशीलगत साचून राहतो, आणि तिथलं साबणाला काय कळणार? काकांना हे ठाऊक होतं. किल्ली फिरवताना त्यांचे डोळे आपोआप मिटत.

त्यात रोज नेमक्या याच वेळी विहीणबाई उगवत. कधी त्यांच्या हातून फडकं पडे, कधी केसांतला चाप. पडलेलं उचलायला त्यांना भारी वेळ लागे. कंबर वाकवून मशीनखाली चाचपत राहत. वर टोमणा असेच.

"व्याहीबुवा, लग्नात हार घालून घ्यायला यापेक्षा लवकर पुढे झाला होतात."

"तुमचं फडकं उचला आधी."

"उचललं. लावा आता."

काकांनी हे सगळं मनात विहीणबाईंच्या नावावर चढवून ठेवलं होतं. चौकसपणा एवढा, खोडसाळपणा एवढा, मुलाच्या बापाला घाई केली ते वेगळं. जमेच्या बाजूला काही म्हणजे काही नव्हतं.

आज मात्र त्या लांबच थांबल्या. नाकाचा शेंडा लाल, हातात रुमाल.

"आज मशीन लावू नका."

"का?"

"मला सर्दी झालीय."

काका हसले. "सर्दी तुम्हाला आणि सुट्टी मशीनला?"

विहीणबाई हसल्या नाहीत. "सकाळी चहाचासुद्धा वास आला नाही मला," त्या म्हणाल्या. "उगीच कशाला धोका?" आणि आपल्या काचेकडे निघून गेल्या.

काकांचा हात किल्लीवरून खाली आला. त्यांनी आधी झडप बंद केली. मग तिथंच उभे राहिले.

फडकं, चाप, एकदा तर बांगडी. सगळं पडायचं ते नळीच्याच बाजूला. गॅस तळाशी बसतो, हे ज्ञान त्यांनीच एकदा ऐटीत सगळ्या कामगारांना ऐकवलं होतं. आणि मध्यंतरी एकदा घरी दूध करपून घरभर वास सुटला, तेव्हा ते ओट्याला टेकून पेपर वाचत होते. सुनेनं धावत येऊन गॅस बंद केला होता. सून त्यांना काही बोलली नव्हती. आईशी बोलली असणार. काकांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. इतके दिवस विहीणबाईंच्या खात्यावर त्यांनी जी नुसती उधारी लिहिली होती, ती सगळी खरं तर जमेच्या बाजूची होती.

"काका, अजून मशीन बंद?" मॅनेजरबाई आल्या. "गिऱ्हाइकं यायची वेळ झाली."

पट्टा सैल झालाय, हे उत्तर काकांच्या जिभेवर तयार होतं.

"वास बघायचा राहिलाय," ते म्हणाले. "मला वास येत नाही, बाई. हिवाळ्यापासून. माझ्या वतीनं विहीणबाई बघत होत्या. आज त्यांना सर्दी."

"हिवाळ्यापासून?"

"हो."

मॅनेजरबाईंनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा काचेकडे. विहीणबाई पाठमोऱ्या उभ्या राहून काचेची पुसलेलीच जागा पुसत होत्या.

"उघडा झडप," मॅनेजरबाई म्हणाल्या.

काकांनी ती हळूहळू उघडली, सांध्यावर फेस फासला. मॅनेजरबाईंनी इस्त्रीच्या पँटचा गुडघा बेधडक फरशीवर टेकला आणि मशीनखाली नाक नेलं. सगळीकडून वास घेऊन त्या उठल्या.

"काही नाही. लावा. उद्यापासून आधी दुसऱ्या कुणीतरी उघडपणे वास घ्यायचा, मगच किल्ली. तो माणूस कोण, ते तुम्हीच ठरवा. आणि पुन्हा असं काही लपवलंत तर मशीन विसरा."

काकांनी किल्ली फिरवली. आज डोळे उघडे होते. इंजिन गरजलं, काचा थरथरल्या, विहीणबाईंनी वळून पाहिलं. त्या गदारोळात काका त्यांच्याकडे बघून काहीतरी म्हणाले. बोलायला जड जाणारी गोष्ट होती, आणि वेळ त्यांनी सोयीची निवडली होती.

"काय?" विहीणबाई कानाशी हात नेऊन ओरडल्या. "ऐकू नाही आलं!"

काही नाही, असं दाखवायला काकांनी हात वर उचलला. तो मधेच थांबला. मग त्यांनी तोच हात सिलिंडरकडे नेला आणि झडप बंद केली.

हे इंजिन एकदम बंद करायचं नसतं. नळीत उरलेला गॅस जळून संपू द्यायचा असतो, आणि परत लावायचं तर सगळं पहिल्यापासून. मॅनेजरबाईंनी घड्याळ पाहिलं.

विहीणबाई फडकं खांद्यावर टाकून वाट बघत राहिल्या. इंजिन थोडा वेळ धडधडलं, दोनदा अडखळलं, आणि दुकान शांत झालं.