एक्क्याण्णव पॉइंट दोन

"अठ्ठेचाळीस," ठोकेमामा म्हणाले.

काटा अठ्ठेचाळीसवर आला, जरा थरथरला आणि तिथेच बसला.

"परत एकदा घेऊ या का?" लॅबच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

"तीनदा घेतलंय."

"चौथ्यांदा?"

मामांनी कानातला कापसाचा बोळा काढला. आपल्याला नीट ऐकू आलं नसावं, असं त्यांना वाटलं. नीटच ऐकू आलं होतं. त्यांनी बोळा परत कानात घातला आणि इंजिन बंद केलं.

ते इंजिन कपाटाएवढं होतं, एका सिलिंडरचं, आणि एकतीस वर्षांत एक फूटही पुढे गेलेलं नव्हतं. जगभर इंजिन ठोकायला लागलं की माणसं मेकॅनिककडे पळतात. इथे पेट्रोल तपासायला इंजिन ठोकावं म्हणून सरकार एका माणसाला पगार देत होतं. इंजिनाच्या बाजूला एक हँडल होतं. ते फिरवलं की सिलिंडर खाली यायचा, आतला दाब वाढायचा आणि कुठलंही पेट्रोल कधी ना कधी टकटक करू लागायचं. कोणाचा धीर किती दाबाला सुटतो, एवढाच प्रश्न. त्यासाठी ऑक्टेन नंबर माहीत असलेली दोन पेट्रोलं दोन बाजूंना घ्यायची आणि अनोळखी पेट्रोल मध्ये धरायचं. आज नव्वदवाल्याला टकटक मोजणारा काटा साठावर गेला होता, ब्याण्णववाल्याला चाळीसवर आणि बाटलीतल्या पेट्रोलला अठ्ठेचाळीसवर. पुढचं गणित शाळेतलं पोरही करेल: एक्क्याण्णव पॉइंट दोन. पंपावर पाटी होती एक्क्याण्णवची.

या कामाचा मामांच्या स्वभावावर परिणाम झाला होता. दोन बाजूंना दोन गोष्टी ठेवल्याशिवाय ते मधल्या गोष्टीबद्दल बोलत नसत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोने विचारलं होतं, भाजी कशी झालीय. "कालच्यापेक्षा बरी, परवाच्यापेक्षा कमी," असं उत्तर मिळाल्यावर तिने तो विषय कायमचा बंद केला.

बाटलीवर नाव नव्हतं, फक्त नंबर होता, चारशे सतरा. पेट्रोल कुठल्या पंपाचं आहे हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, असा नियम होता. नियम कडक होता. सकाळी फाटकातच वॉचमन म्हणाला होता, "मामा, तुमच्या व्याह्यांची बाटली आली बघा."

"पास होतंय म्हणजे," मॅडम म्हणाल्या.

"होतंय."

"तुमचं नातं आहे त्यांच्याशी. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मोजायचं मशीन आपल्याकडे नाही."

मॅडम वाईट नव्हत्या. ही बाटली दुसऱ्या कोणाकडून तपासून घेऊ, असं त्यांनी सकाळीच सुचवलं होतं. पण दुसरा कोणी म्हणजे एकच जण होता आणि तो नव्या यंत्राच्या ट्रेनिंगला गेला होता. ते यंत्र डब्याएवढं होतं. दोन मिनिटांत नंबर द्यायचं आणि त्यासाठी काहीच ठोकायचं नाही.

"नापास झालं असतं तर बरं झालं असतं," मॅडम जाता जाता म्हणाल्या.

"कोणाला?"

"तुम्हालाच हो."

प्रकरण तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं होतं. मालवाहतूक संघटनेच्या सभासदांनी एकाच मॉडेलच्या चौदा नव्या पिकअप एकदम घेतल्या. गोदामं खाली, बाजार वर आणि मध्ये चढ. मामांचं घर त्या चढाच्या बरोबर मध्यावर. टनभर माल घेऊन पिकअप दुसऱ्या वळणाला लागली की डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज येई. चौदा गाड्या, दिवसाला चार फेऱ्या. मामा गॅलरीत पेपर वाचत बसलेले असत आणि पेपरमधून डोकं न काढता म्हणत, "तिसऱ्या गिअरवर टाक बाबा." टाकायचं कोणी नाही.

संघटनेच्या अध्यक्षाला सगळे अध्यक्षच म्हणत, त्याची बायकोसुद्धा. अध्यक्षाने जाहीर केलं की पेट्रोलमध्ये भेसळ आहे. चढाच्या पायथ्याशी, गोदामांच्या बाजूला जो पंप होता, तो मामांच्या मुलीच्या सासऱ्यांचा. तिथे एक्क्याण्णव मिळे आणि डिझेल. पंचाण्णव समोरच्या पंपावर होतं, ते महाग, कारवाल्यांसाठी.

संध्याकाळी बायकोने चहा पुढे ठेवला. "किती आलं?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे पास." ती समोर बसली. "मी काय म्हणते, थोडं कमी लिहा. नव्वद लिहा. मशीन काय तक्रार करायला येतंय?"

"व्याही नापास होतील."

"होतील. दंड भरतील, महिनाभर तोंड पाडून बसतील, मग विसरतील. पण लोक म्हणतील, काय माणूस आहे, व्याह्याचीसुद्धा भीड ठेवली नाही! जन्मभराचं नाव राहील."

"खोटं लिहून?"

"ते तुम्हाला आणि मला माहीत. लोकांना थोडंच?"

एकतीस वर्षांत बरेच लोक बरंच काही सुचवून गेले होते, पण प्रामाणिक ठरण्यासाठी खोटं लिहा असं मामांना प्रथमच कोणी सांगत होतं. त्यांनी विचार केला नाही असं नाही. चहा गार होईपर्यंत केला. बायकोचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं, त्यात चूक सापडत नव्हती. मग त्यांनी गार चहा पिऊन टाकला. सकाळी ऑफिसात जाऊन रिपोर्टावर एक्क्याण्णव पॉइंट दोन लिहिलं आणि खाली सही केली. सही रोजच्यासारखीच आली.

रिपोर्ट बोर्डावर लागला साडेअकराला. बारा वाजता अध्यक्षाची पिकअप फाटकाशी उभी होती आणि मागे सहा माणसं.

"मामा!" अध्यक्ष खिडकीतून ओरडला. "तुमच्या मशीनचीही मुलगी दिलीत का हो तिथं?"

सहाही जण हसले. वॉचमनही हसला, पण तोंड फिरवून.

मामा फाटकाबाहेर आले. "झाकण उघडा."

"कसलं?"

"पेट्रोलच्या टाकीचं."

अध्यक्ष खाली उतरला आणि डाव्या बाजूला गेला. तिथे झाकण नव्हतं. मग तो उजव्या बाजूला गेला. यात त्याचा दोष नव्हता. मालक केबिनमध्ये बसून "फुल कर" म्हणतो. झाकण पंपावरचा पोऱ्या उघडतो आणि तोच बंद करतो. तीन महिन्यांत चौदापैकी एकाही मालकाने आपल्या गाडीचं झाकण आतून पाहिलं नव्हतं. पंपावरच्या पोऱ्यांनी ते दिवसातून दहादा पाहिलं होतं, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आत नखाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: किमान ऑक्टेन ९५.

"हे कधी लिहिलं?"

"गाडी बनली तेव्हा."

"शोरूमवाला म्हणाला होता, काहीपण टाका, चालतं."

"चालतंय की. आवाज करत चालतंय."

"पण पंचाण्णवमध्ये ताकद जास्त असते, ती कारवाल्यांना पाहिजे. आम्हाला काय करायची?"

"ताकदीचा नंबर नाही तो," मामा म्हणाले. लांब बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते तुकड्यातुकड्यांत बोलले. "दाब आला तरी पेट्रोल किती गप्प बसतं, त्याचा नंबर. ही नवी इंजिनं दाब फार देतात. वर टनभर माल. वर चढ. ठिणगीची आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपलं आपण पेटतं. ती टकटक. अशीच राहिली तर एक दिवस पिस्टनला भोक."

"आणि आमच्या जुन्या गाड्या? त्या त्याच पेट्रोलवर गप चालायच्या."

"त्यांचा दाब कमी. त्यांना एक्क्याण्णव पुरे. त्यांच्यात पंचाण्णव ओतणं म्हणजे नुसती हौस."

सहांपैकी एकाने वाकून झाकणावरचं मोठ्याने वाचलं. मग दुसऱ्याने वाचलं, जणू पहिल्याचं वाचन चुकलं असावं. अध्यक्षाने झाकण आपटून बंद केलं आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चौदाही पिकअप समोरच्या पंपावर रांगेत उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी चढावरचा आवाज थांबला. मामांनी पेपर खाली ठेवून खात्री करून घेतली. खरंच थांबला होता.

गावानेही हिशेब केला. गाडी तीच, चढ तोच, ड्रायव्हर तोच. तिथलं टाकलं की ठोकते, इथलं टाकलं की ठोकत नाही. म्हणजे तिथलं पेट्रोल खराब होतं. हा हिशेब कुठे चुकतो हे कळायला तिसरी बाटली लागते, दुसऱ्या कुठल्या पंपावरच्या एक्क्याण्णवची, आणि गावाकडे दोनच होत्या.

रविवारी व्याही आले. गुडघ्याचं बोलले, नातवाच्या दाताचं बोलले. मग म्हणाले, "नंबर बरोबर दिलात, त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही."

"बरोबर होता म्हणून दिला."

"तेच म्हणतोय मी. पण व्याहीबुवा, ते झाकण वाचून दाखवायला कोणी सांगितलं होतं?"

"चौदा इंजिनं गेली असती."

"गेली असती! इंजिनं त्यांची होती, गिऱ्हाईक माझं होतं." त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि चप्पल शोधू लागले. "पास करून बुडवलंत तुम्ही मला. नापास केलं असतंत तर निदान भांडता आलं असतं."

रात्री मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने आवाज खाली आणला. "बाबा, एक विचारू? खरंच एक्क्याण्णव होतं ना?"

मामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी नाही विचारत हो," ती घाईने म्हणाली. "लोक विचारतात, त्यांना सांगायला."

"पॉइंट दोन," मामा म्हणाले. "एक्क्याण्णव पॉइंट दोन."

"बरं," ती म्हणाली. त्या 'बरं'ला डाव्या-उजव्या बाजूला काय ठेवावं, हे मामांना सुचलं नाही.

आता आपल्याशी कोणी बोलणार नाही, असं मामा धरून चालले होते. झालं उलटंच. एकतीस वर्षं लोक त्यांच्याशी जपून बोलत आले होते. हा माणूस कोणाचं ऐकत नाही, म्हणजे आपलंही ऐकणार नाही, अशी सगळ्यांची समजूत होती. आता न्हाव्याने त्यांना रांग सोडून आधी खुर्ची दिली. किराणावाल्याने मुलीची चौकशी केली. लोक खांद्यावर हात ठेवू लागले. मामा शेवटी माणूसच निघाले, याचा गावाला मनापासून आनंद झाला होता.

एक जण तर ऑफिसात आला. दूरच्या एका पंपाचा मालक त्याचा मेव्हणा होता. "पुढच्या आठवड्यात त्याची बाटली येईल. जरा बघा."

"बाटलीवर नाव नसतं. नंबर असतो."

"हो हो," तो डोळा मारून म्हणाला. "नंबर तर व्याह्यांच्या बाटलीवरही होता."

प्रत्येक सॅम्पलची दुसरी सीलबंद बाटली नव्वद दिवस ठेवत. कोणाला शंका आली तर तीच बाटली दुसऱ्या लॅबमध्ये तपासता यावी, म्हणून. चारशे सतराबद्दल कोणालाच शंका नव्हती. सगळ्यांना खात्री होती. एकोणनव्वदाव्या दिवशी मामा मॅडमच्या टेबलाशी उभे राहिले.

"ती बाटली बाहेर पाठवू या."

"कोणी मागणी केलीय?"

"मी करतोय."

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. खरोखर उघडलं, त्यांना मदत करायची होती. "मागणी पंपवाल्याने करायची किंवा तक्रारदाराने. तुम्ही दोन्ही नाही, मामा."

"मग मी कोण?"

"तुम्ही तपासणारे." पुस्तक बंद करताना त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ द्या ना. कोणी तुम्हाला नावं ठेवत नाहीये."

"तेच तर," मामा म्हणाले.

नव्वदाव्या दिवशी त्यांनी चारशे सतराचं सील तोडलं. पेट्रोल टाकाऊच्या पिंपात ओतलं, बाटली उलटी करून शेवटचा थेंब पडू दिला, रजिस्टरात 'नष्ट केले' लिहिलं आणि सही केली. मग इंजिनावर कापडाचं आवरण घातलं. नवा डबा सोमवारी यायचा होता.

संध्याकाळी ते चढ चढत असताना मागून पिकअप आली आणि शेजारी थांबली. अध्यक्ष.

"बसा मामा, वर सोडतो."

एकतीस वर्षांत त्यांना या चढावर कोणी बसा म्हटलं नव्हतं. गुडघे दुखत होते. मामा बसले.

मागे टनभर सिमेंट होतं. पहिलं वळण गेलं. दुसरं वळण आलं, अध्यक्षाने मुद्दाम गिअर न बदलता पाय दाबला आणि मान कलती करून ऐकलं. "बघितलंत? आहे आवाज?"

"नाही."

"पेट्रोलच खराब होतं हो त्याचं." मग मामांकडे बघून तो हसला, अगदी मोकळं. "तुमच्यावर राग नाही हां. व्याह्यासाठी माणूस करतोच. मी पण केलं असतं."

मामांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. इंजिन इतकं गप्प होतं की डॅशबोर्डवर ठेवलेल्या किल्ल्यांचा आवाज येत होता.

"इथंच थांबवा," ते म्हणाले.

ते उतरले आणि गाडीच्या मागून वळसा घालून घराकडे निघाले. उजव्या बाजूला पेट्रोलचं झाकण उघडंच लोंबत होतं. पंपावरचा पोऱ्या बंद करायला विसरला असावा. मामा थांबले.

"काय झालं?" अध्यक्षाने खिडकीतून मान बाहेर काढली.

"काही नाही. झाकण उघडं राहिलंय."

त्यांनी झाकणावरची धूळ अंगठ्याने पुसली, आकडा वाचला आणि कट् असा आवाज येईपर्यंत ते दाबून बंद केलं.