पान एकशेचौदावरची बाई

माझ्या दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, आजारी माणूस आणि समाज या विषयावर पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. इतकं जाड, की एका विद्यार्थ्याने ते उशाला घेतलं आणि त्याची वर झालेली मान पदवी मिळाली तरी खाली आली नाही. खोटं वाटत असेल तर त्याच्या बायकोला विचारा. डॉक्टर होणाऱ्या प्रत्येकाला ते घोकावंच लागे.

त्यात पान एकशेचौदावर एक गृहिणी होती. तिचं पोट दुखे, तपासण्यांत काही निघत नसे. निष्कर्ष: घरात कोणी लक्ष देत नाही, म्हणून हे दुखणं. ती गृहिणी म्हणजे आमची ताईच. तिने ते हसण्यावारी नेलं. पोटात कळ आली की म्हणायची, "आज एकशेचौदा दुखतंय रे," आणि आम्ही खो खो हसायचो. मी सगळ्यांत मोठ्याने.

या वर्षी तिला जेवण जाईना. दाजी तिला दवाखान्यात घेऊन गेले, मीही सोबत होतो. तिथली तरुण डॉक्टरीण दाजींचीच विद्यार्थिनी, वर्गात पहिली आलेली. तिने पहिलाच प्रश्न टाकला, "घरी बोलायला कोण असतं?"

"हे असतात की! पुस्तकाच्या नव्या आवृत्तीशी बोलत," ताई म्हणाली.

पोटाला हातही न लावता डॉक्टरणीने लिहून दिलं: चार माणसांत मिसळावं. दाजींची छाती फुगली. शिकवलेलं कामाला आलं होतं ना!

महिन्याभरात ताईच्या घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातही सैल पडायला लागला. दाजी पुन्हा तिला घेऊन गेले.

"पुस्तक चुकलंय, पोरी. हिचं पोट तपास."

"सर," ती अगदी मायेने म्हणाली, "घरचे लोक असाच हट्ट धरतात. तुम्हीच लिहिलंय की, पुढच्याच पानावर."

दाजींनी टेबलावर मूठ आपटली, तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. गाठ निघाली. पण तोवर ती सगळीकडे पसरली होती.

शेवटच्या आठवड्यात दाजी खाटेशेजारी स्टूल ओढून बसले.

"कुठं दुखतं गं?"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. एकतीस वर्षांच्या संसारात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिने त्यांचा हात धरून बरगडीखाली ठेवला.

"इथं. आणि जरा खाली."

"इथं?"

"हं."

ती गेल्यावर नर्सने दोनदा सांगितलं, तरी दाजींनी हात उचलला नाही. शेवटी तो मीच सोडवला.