प्रेसमागची जागा

पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेसवरचा साचा बदलायला इतका वेळ लागतो, की पुढे जुळणीच्या लाईनवर बायका माश्या मारत बसतात, ही तक्रार वहिनींचीच होती. म्हणून साहेबांनी ते काम त्यांच्याच गळ्यात मारलं. "पाणी कुठं मुरतंय ते आता तुम्हीच शोधा."

वहिनी त्या लाईनच्या प्रमुख. सगळा कारखाना त्यांना वहिनीच म्हणायचा, कारण त्यांचा नवरा आणि दीर, दोघे भाऊ, वर्षानुवर्षं त्याच प्रेसवर साचे बदलत आले होते. दीर पुढून क्रेननं साचा खाली आणायचा. नवरा मागे उभा राहून साच्याच्या खुंट्या प्रेसच्या भोकांत बसतायत ना ते बघायचा आणि "सोड" म्हणायचा. मग नवरा काविळीनं गेला. त्याच्या जागी दुसरा फिटर उभा राहू लागला.

वहिनींनी कंबर कसली. बोल्ट आवळायचे पाने शोधण्यात वेळ जायचा, ते प्रेसशेजारीच टांगले. सगळे बोल्ट एका मापाचे केले. पुढचा साचा मशीन चालू असतानाच जवळ आणून ठेवायला लावला. वेळ निम्म्यावर आला. तरी एक गोष्ट खटकत होती. मागचा फिटर "सोड" म्हणाला तरी दीर लगेच सोडत नसे. मान किंचित कलती करून थांबे, मग बटण दाबे.

चहाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "भावजी, थांबता कशाला?"

त्यानं कप खाली ठेवला. "दादा म्हटल्याशिवाय कसं सोडू?"

वहिनी पुढे झुकल्या. "म्हणतो?"

"रोज. जेवताना तुम्हाला 'बास' म्हणायचा ना, तसाच. आवाज न चढवता."

नवरा गेल्यापासून वहिनी घरात कानोसा घेत वावरत होत्या. त्याच्या खुर्चीपाशी, न्हाणीघराच्या दाराशी. एक शब्द कधी आला नव्हता. आणि हा इथे रोज ऐकत होता.

त्यांनी प्रेसला दिवा बसवून घेतला. खुंट्या भोकांच्या अगदी सरळ रेषेत आल्या की हिरवा लागायचा. मागे माणूस उभा राहायची गरजच उरली नाही. काम झटपट होऊ लागलं, साहेब खूश झाले. पण आपण हे कशापायी केलं, ते वहिनींना पक्कं ठाऊक होतं.

काही दिवसांनी दीर म्हणाला, "वहिनी, दादा बोलायचा बंद झाला." त्यात तक्रार नव्हती. वहिनींना मान वर करवेना.

त्या दुपारी साचा उतरत असताना त्या स्वतः मागे जाऊन उभ्या राहिल्या. तेलाचा वास, कोमट लोखंड. आणि अगदी कानाशी, आवाज न चढवता, कुणीतरी म्हणालं, "थांब."

दिवा हिरवा झाला. दिरानं साचा सोडला. खुंट्या नीट बसल्या, कुठे काही बिघडलं नाही.

वहिनी हे कुणापाशीच बोलल्या नाहीत. दिराला त्या प्रेसपाशी करमेना, त्यानं दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. वहिनी मात्र साचा बदलायची वेळ झाली की मागे जाऊन उभ्या राहतात. फिटरांना वाटतं, वहिनींचा दिव्यावर भरवसा नाही.

आवाज येतो, तेवढाच एक शब्द. दोनदा त्यांनी हलकेच विचारूनही पाहिलं, "भावजींना काही सांगायचंय का?" त्यावर तो काही बोलला नाही.