दोन पानांचं गाणं

नेटवर जुन्या समूहगीतांच्या स्वरलिपींचं एक ग्रंथालय आहे. आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे वहिनी, तिथं काम करतात, आणि मला तिथं चिकटवलं तेही त्यांनीच. युरोपातली मध्ययुगातली गाणी, रचणाऱ्याचा पत्ता नाही. शतक कोणतं, भाषा कोणती, एकाच वेळी वेगवेगळं गाणारे आवाज किती हे ठरवून त्या प्रत्येक गाणं आपापल्या कप्प्यात टाकतात. मी बाळाला मांडीवर घेऊन ते तपासते. बाकी वेळ त्या मला तपासतात. दूध फार गरम आहे, पोराला असं उभं धरू नये. सगळं प्रेमानं, आणि सगळं चारचौघांत.

सोमवारी मला त्यांची चूक सापडली. त्या काळी मोठ्या पोथीत डाव्या पानावर दोन आवाज लिहायचे, उजव्यावर दोन, आणि सगळे पोथीभोवती उभे राहून गायचे. फोटो मात्र सुट्या पानांचे निघालेले. वहिनींनी डावं पान एक गाणं म्हणून टाकलं होतं, उजवं दुसरं. शब्द तेच, अक्षर तेच, आणि एकीकडे जिथं विराम तिथंच दुसरीकडे सूर. दोन्ही एकदम वाजवून पाहिलं तर एकच गाणं निघालं.

त्यातलं डावं पान वहिनींचा गायकवृंद शनिवारी कार्यक्रमात गाणार होता. वृंद नुकताच त्यांच्या हाती आला होता, तोही 'बघू कसं जमतंय' या बोलीवर.

मी गप्प राहिले. मलाही एकदा चारचौघांत सांगायचं होतं.

शुक्रवारी बाळाला कडेवर घेऊन तालमीला गेले. वहिनी समजावत होत्या की या गाण्यातली शांतताच महत्त्वाची, जुन्या लोकांची श्रद्धा तिथं आहे. खर्जात गाणारे निवृत्त पोस्टमास्तर डोळे मिटून मान डोलवत होते.

"वहिनी, तिथं शांतता नाहीच आहे," मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले. "उरलेलं गाणं दुसऱ्या पानावर आहे. तुम्ही अर्धंच गाताय."

पोस्टमास्तर म्हणाले, म्हणजे इतके दिवस आम्ही श्रद्धेनं दुसऱ्यांच्या गाण्याची जागा राखत होतो. हशा पिकला. वहिनीही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. माझ्या मोबाइलवर दोन्ही पानं त्यांनी नीट पाहिली, चूक आपलीच असं सगळ्यांना सांगितलं, आणि उद्या हे गाणं गाळू म्हणाल्या. समितीच्या बाई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. वृंद कुणाकडे ठेवायचा हे त्याच ठरवणार होत्या. त्या हसल्या नाहीत.

चहाच्या वेळी वहिनींनी बाळाला माझ्याकडून घेतलं. त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसत हळूच विचारलं, "कधी लक्षात आलं तुझ्या?"

आज दुपारी, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या.

"सोमवारी."

"सोमवारी मी फोन केला होता तुला," त्या म्हणाल्या. "याच्या दातांचं विचारायला. किती वेळ बोललो आपण."

मी बाळाला परत घ्यायला हात पुढे केले. ते त्यांच्या खांद्यावर मजेत होतं.

"राहू दे जरा," त्या म्हणाल्या.

पुढे केलेले हात कुठं ठेवावेत ते मला कळेना.