पुसलेलं पहिलं अक्षर

मी एक जुनी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. घाबरू नका मित्रांनो, मला चेहरा नाही, हातपायही नाहीत. १९९२ साली भाईंदर पश्चिमेच्या एका टायपिंग क्लासमध्ये मला फ्लॉपीतून कॉम्प्युटरात उतरवलं. तोवर ते नुसतं खोकं होतं. कीबोर्डचं म्हणणं पडद्याला कळवायचं, प्रिंटरला कामाला लावायचं, प्रत्येक फाइलला डिस्कवर जागा द्यायची, ही सगळी कामं माझी. सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी कोण कुठल्या खोलीत आहे याची यादी मी ठेवायचे. सगळे कौतुक मात्र कॉम्प्युटरचं करायचे!

माझी एक खोड सांगते. फाइल पुसायला सांगितली, तर मी आतलं काहीच पुसत नाही. यादीतल्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं उडवते आणि खोली रिकामी धरते. आतला मजकूर अंधारात तसाच बसून राहतो, नवं कुणी राहायला येईपर्यंत.

क्लास शुभदाताईंचा. त्यांचे वडील धर्माजी दुपारी येऊन एका बोटाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. शुभदाताईंना दिवस गेले होते. "बाळाचं नाव कम्प्युटरात लिहून ठेवलंय. नामकरणाला सांगेन," असं ते म्हणाले, आणि त्याआधीच वारले.

त्याच दुःखाच्या दिवसांत डिस्क भरली. शुभदाताईंनी मुलांच्या सरावाच्या सगळ्या फाइली एकदम पुसायला सांगितल्या. मी विचारलं, "नक्की? हो की नाही?" रोजच्या सवयीने त्यांनी न वाचताच 'हो' दाबलं. धर्माजींची फाइल त्याच फाइलींत होती.

मुलगी झाली. नामकरणाच्या आदल्या दिवशी शुभदाताई आई अनसूयाबाईंना घेऊन ते नाव शोधायला माझ्यासमोर बसल्या. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मीरा रोडच्या लोकेशने पुसलेल्या फाइलींची यादी काढली. पडद्यावर मुंडकी उडालेली नावं उभी राहिली: ?ABAN, ?IHAR, ?AMTA. बबन आणि निहार क्लासमधले होते. तिसरं कुणाचंच नव्हतं. ती फाइल परत देण्यासाठी मी पहिलं अक्षर विचारलं.

"कुठलं पण लेटर टाका ताई," लोकेश म्हणाला. "मशीनला काय फरक पडतोय?"

शुभदाताईंनी X दाबलं. पत्र जसंच्या तसं उघडलं.

"जयभीम बाळा. तुझं नाव आत लिहिलेलं नाही. या पत्रालाच तुझं नाव दिलंय. बाहेर बघ."

बाहेर मी XAMTA लिहून ठेवलं होतं.

"समता असणार," शुभदाताई पुटपुटल्या. मग त्या आईकडे वळल्या. "की ममता, आई?"

ममता ही त्यांची थोरली बहीण. तान्ही असतानाच गेलेली.

"समताच," अनसूयाबाई म्हणाल्या. "गेलेलीचं नाव ह्या पोरीवर नको."

मित्रांनो, 'नक्की का?' असं कुणी विचारलं, तर उत्तर देण्याआधी प्रश्न पुरता वाचा. मी हट्ट धरत नाही, सांगितलेलं करते. हीच माझी मोठी खोट आहे, आणि तिचं मला वाईट वाटतं.

समता आता सहा वर्षांची आहे. परवा ती माझ्यासमोर बसली आणि तिने आईला विचारलं, "आजोबांनी हेच नाव ठेवलेलं ना?"

"हो," शुभदाताई म्हणाल्या.

तिने मला विचारलं नाही, हे बरं झालं. ते अक्षर माझ्याजवळही नाही.